दोष कंपायलरचा नव्हता आणि तिचाही नव्हता

नाशिकमध्ये सातपूरच्या ज्या कारखान्यात मी वीस वर्षं काढली, त्याची स्मरणिका निघते आहे. मला लेख मागितला. विषय त्यांनीच दिला: ‘आपली स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम’. संदर्भाला म्हणून स्मरणिकेचा कच्चा मजकूरही पाठवला. त्यात एक परिच्छेद असा होता की, एका वर्षी एका शिकाऊ मुलीच्या चुकीमुळे निफाडजवळच्या शीतगृहातली द्राक्षं गोठली, पण आमच्या ज्येष्ठ अभियंत्यांनी तीन दिवसांत दोष हुडकून कंपनीची अब्रू वाचवली.

तो ज्येष्ठ अभियंता म्हणजे मी. परिच्छेद खोटा आहे. मला हे नक्की माहीत आहे, कारण दोष-अहवालात तो पहिल्यांदा मीच लिहिला होता आणि खाली सहीही माझीच आहे.

मी खरं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी शेठचा फोन. शेठ म्हणजे कारखान्याचे मालक, आता ऐंशीच्या घरातले. मी आधी तंत्रनिकेतनात शिकवायचो म्हणून ते मला मास्तर म्हणतात.

“मास्तर, हे काय पाठवलंत?”

“झालं ते.”

“अहो, किती वर्षं झाली त्याला! ती बाग राहिली नाही, ते शीतगृह राहिलं नाही. आता कशाला उकरता?”

“तुम्ही छापताय म्हणून.”

“बरं, मग आम्ही आमचा परिच्छेद काढतो, तुम्ही तुमचा काढा. मिटलं?”

“नाही मिटलं. तुमचा कागदावरून जाईल. लोकांच्या डोक्यातून कसा काढाल?”

“मास्तर, वय झालं तुमचं.”

“म्हणूनच घाई आहे,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यांनी छापलं नाही. तेव्हा मी इथे छापतो आहे. कोणाला राग यायचा असेल तर येऊ दे.

आम्ही शीतगृहांची नियंत्रण-यंत्रं बनवायचो. भिंतीवर लावायची लोखंडी पेटी, तिच्यात एक सर्किट बोर्ड, वर तीन आकडे दाखवणारा लाल डिस्प्ले. खोलीतलं तापमान मोजायचं, कॉम्प्रेसर चालू करायचा, बंद करायचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी या पेटीसाठी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तिच्यासोबत सी भाषेची लायब्ररीही लिहिली. लायब्ररी म्हणजे रोजच्या कामांचा संच: मजकूर इकडून तिकडे हलवणं, आकडा डिस्प्लेवर उमटवणं, वेळ मोजणं, सेन्सरवरून आलेला आकडा जपून ठेवणं. विकत घेतलेल्या कंपायलरसोबत अशी लायब्ररी मिळायची, पण ती आमच्या पेटीच्या मेमरीत मावत नव्हती. म्हणून मी घरची केली. तिचा मला फार अभिमान होता. पहिल्याच फाइलच्या डोक्यावर मी लिहून ठेवलं होतं, ‘विचारल्याशिवाय हात लावू नये.’

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळेल अशा आकड्यांत बदलून देणारा प्रोग्राम. आमचा कंपायलर परदेशातून आणलेला, महागाचा. त्याच्यासोबत आगपेटीएवढा डाँगल यायचा. तो संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचल्याशिवाय कंपायलर चालायचाच नाही. डाँगल माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. कोणाला काही बांधायचं, म्हणजे लिहिलेलं कंपायलरमधून काढून तयार करायचं, तर माझ्याकडे यावं लागे. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकतो.

आणखी एक रीत होती आमची. प्रोग्राममध्ये काही संशयास्पद दिसलं की कंपायलर वॉर्निंग देतो. चूक नसते ती. ‘इथे एकदा बघा’ असं सांगणं असतं. शेठना खुर्चीमागे उभं राहून काम बघायची सवय होती, आणि स्क्रीनवर काही सरकायला लागलं की त्यांना ते दुखणं वाटायचं.

“हे काय येतंय?”

“वॉर्निंग आहेत, शेठ.”

“मग बंद करा ना! गिऱ्हाइक बसलंय बाहेर.”

मी बंद केल्या. म्हणजे त्यांची कारणं शोधली नाहीत, तर वॉर्निंग दाखवूच नकोस असा एक स्विच बांधणीच्या फाइलमध्ये टाकला. तेव्हापासून आमच्याकडे कामाची शिस्त म्हणजे स्वच्छ स्क्रीन. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं जायचं.

दोन हजार साली संगणक बंद पडतील ही भीती विरली आणि थोड्याच दिवसांत आमचा जुना प्रोसेसर मिळेनासा झाला. नवा निवडला, जास्त ताकदीचा, स्वस्त. पण आमच्या कंपायलरला तो येत नव्हता. त्याच सुमारास ती मुलगी शिकाऊ म्हणून आमच्याकडे लागली. ओझरची. वडील तिथल्या विमानांच्या कारखान्यात फिटर. इंजिनियरिंग करून नुकतीच बाहेर पडलेली. पहिल्याच आठवड्यात ती संगणकाच्या मासिकासोबत फुकट आलेली एक सीडी घेऊन आली.

“सर, यात कंपायलर आहे. नव्या प्रोसेसरचा. फुकट आहे, डाँगल लागत नाही.”

“फुकटचा कंपायलर? प्रसाद आहे का?”

“सोर्सपण आहे सर. शंका आली तर उघडून बघता येतं.”

मी हसलो. पण दुसरा मार्ग नव्हता. लायब्ररी नव्या कंपायलरवर आणायचं काम शेठनी तिला दिलं आणि देखरेख मला.

ते काम तिने कसं केलं ते सांगतो, कारण हेच कोणी कधी सांगितलेलं नाही. माझी लायब्ररी सी भाषेत लिहिलेली होती असं मी समजत होतो. ती खरं तर त्या एका कंपायलरच्या सवयींत लिहिलेली होती. साधा पूर्णांक सोळा बिटांचा असतो असं मी गृहीत धरलेलं. नव्या ठिकाणी तो बत्तीस बिटांचा निघाला. मधे मधे मी थेट प्रोसेसरच्या भाषेतल्या ओळी घुसवल्या होत्या. नव्या ठिकाणी त्यांना काही अर्थच नव्हता. तिने कंपायलरवर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट उपटून एका वेगळ्या फाइलमध्ये नेली. मग तीच लायब्ररी जुन्या कंपायलरने बांधायची, नव्यानेही बांधायची, दोघांना तीच गणितं घालायची आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघायची. उत्तर वेगळं आलं की थांबायचं.

“कशाला दोन-दोनदा?” मी विचारलं. “आपल्याला विकायचाय एकच प्रोसेसर.”

“एकाच कंपायलरवर चाललं तर ते बरोबर आहे म्हणून चाललं की त्याच्या सवयीने चाललं, ते कळत नाही सर.”

हे वाक्य मी तंत्रनिकेतनात दहा वर्षं शिकवूनही कधी बोललो नव्हतो.

तिने माझा वॉर्निंगचा स्विच काढला. तिच्या संगणकावरच, गुपचूप नाही, मला सांगून. मग जे आलं ते तिने डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलं. घड्या घातलेल्या जोडकागदाचा जाड गठ्ठा. दोन आठवडे ती लाल पेन्सिल घेऊन एकेक ओळ सोडवत होती. शेवटी काही थोड्या उरल्या, त्या माझ्या ‘हात लावू नये’ फाइलमधल्या. ती गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“सर, ही बघा. तापमान शून्यापेक्षा कमी आहे का, ही तुलना. कंपायलर म्हणतोय ही कधीच खरी होणार नाही.”

“त्याला काय कळतंय? जुन्यावर इतकी वर्षं चालतेय.”

गोष्ट साधी होती. सी भाषेत सगळ्यात लहान डबा असतो कॅरॅक्टर नावाचा, आठ बिटांचा. त्यात उणे आकडे ठेवता येतात की नाही, हे भाषेने ठरवलेलं नाही. ते कंपायलर करणाऱ्यावर सोडलं आहे. आमच्या जुन्या कंपायलरच्या डब्यात उणे आकडे मावत. नव्या प्रोसेसरच्या कंपायलरच्या डब्यात शून्याच्या खाली काही नव्हतंच. उणे एक टाकला की बाहेर निघायचा दोनशे पंचावन्न. आणि तापमान मी त्या डब्यात ठेवलं होतं, कारण मेमरी वाचते. उपाय एका शब्दाचा होता. ‘साइन्ड’ एवढा शब्द आधी जोडला की कोणताही कंपायलर उणे आकडे नीट ठेवतो.

“एक शब्द घालू का सर?”

“फाइलवर काय लिहिलंय ते वाचलंस ना?”

“वाचलं. म्हणूनच विचारतेय.”

मी नाही म्हटलं. कारण दुसरं काही नव्हतं. माझी फाइल होती, आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीने तिच्यात दोष काढला होता.

मग ती म्हणाली, “निदान एक चाचणी करू या.” आमची चाचणी म्हणजे थर्मासमध्ये बर्फाचं पाणी आणि त्यात सेन्सर. नाशिकमध्ये, ऑक्टोबरच्या उकाड्यात, याहून थंड काही हाताशी नसायचं. पण बर्फाचं पाणी शून्यावर येऊन थांबतं. त्याच्या खाली आमचं कोणतंही यंत्र कारखान्यात कधी गेलंच नव्हतं. “बर्फात मीठ घातलं तर सर, शून्याच्या खाली जाईल.”

“आइस्क्रीम करायचंय का?” मी म्हटलं. आजूबाजूचे सगळे हसले. तीही थोडी हसली. मग गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून गेली.

शेठ गिऱ्हाइक घेऊन येणार होते त्या दिवशी मी शेवटची बांधणी स्वतः केली. वॉर्निंगचा स्विच परत टाकला. स्क्रीन स्वच्छ. गठ्ठा ड्रॉवरमध्ये.

ती पेटी निफाडजवळच्या बागायतदारांच्या एका शीतगृहात लागली. द्राक्षांना शून्याच्या किंचित वर ठेवायचं असतं. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात सगळं छान चाललं, कारण रोज बागेतून गरम माल येत होता आणि खोली शून्याखाली जायला वावच नव्हता. खोली भरली, माल थंड झाला, आणि एका सकाळी कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही पारा जरासा आणखी उतरला. उणे एक. पेटीने वाचलं दोनशे पंचावन्न. तिच्या मते खोली पेटली होती. तिने कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालू केला आणि मग थांबायचं तिला काही कारणच उरलं नाही; उणे दोनला तिने वाचलं दोनशे चौपन्न, उणे तीनला दोनशे त्रेपन्न.

तिथल्या ऑपरेटरचा फोन मीच घेतला.

“साहेब, तुमचं मशीन अडीचशे दाखवतंय.”

“सेन्सरची वायर बघा.”

“वायर झकास हाय. लय गरम झालंय म्हणतंय मशीन, अन् आत पाय ठरत नाय. मी काय करू, गारठू का भाजू?”

मी त्याला मेन स्विच बंद करायला सांगितलं. उशीर झाला होता. आम्ही पोचलो तेव्हा घड दगडासारखे होते. दुपारपर्यंत ते सुटले आणि तपकिरी पडून पाणी गाळायला लागले. एका बागायतदाराने एक मणी माझ्या हातात ठेवला. परदेशी जायचा माल होता तो.

दुसऱ्या दिवशी ती बागायतदार मंडळी आमच्या ऑफिसात. सात-आठ जण, शेठ, मी आणि ती. शेठनी विचारलं, “आत्तापर्यंत असं कधी झालं नाही. या वेळी काय बदललं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “कंपायलर बदलला. ते काम हिने केलंय. माझी फाइल जुनीच आहे, इतकी वर्षं चालते आहे.”

या तिन्ही वाक्यांत एकही शब्द खोटा नाही. मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. आज सांगतो, इतकं ठरवून खोटं मी आयुष्यात आणखी एकदाच बोललो.

ती म्हणाली, “सर, तो गठ्ठा दाखवा ना. तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे.”

“कसला गठ्ठा?” शेठनी विचारलं.

मी म्हटलं, “वॉर्निंग आहेत. त्या असतातच.”

शेठना वॉर्निंग म्हणजे दुखणं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे तुला माहीत होतं, तरी तू पाठवलंस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. उठून तो गठ्ठा आणायला मला दोन मिनिटं लागली असती, मी उठलो नाही.

त्याच संध्याकाळी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्यानंतर सगळे गेल्यावर मी कँटीनमधून मीठ आणलं, थर्मासमधल्या बर्फात घातलं आणि सेन्सर बुडवला. शून्य. मग दोनशे पंचावन्न. पाच मिनिटं लागली असतील. मी तिसऱ्या दिवशी सांगितलं की दोष सापडला. मधले दोन दिवस मी नुसता बसून होतो, काम अवघड वाटावं म्हणून. फाइलमध्ये तो एक शब्द घातला. अहवालात कारण लिहिलं: ‘शिकाऊ अभियंत्याने नव्या कंपायलरवर केलेल्या लायब्ररीच्या स्थलांतरातील त्रुटी.’

सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहती मिळून आमचं जग केवढं! आठवड्याभरात द्राक्षं गोठवणारी मुलगी म्हणून ती सगळ्यांना माहीत झाली. नाशिकमध्ये तिला त्या कामाची नोकरी मिळाली नाही. ओझरला तिने संगणकाचे वर्ग सुरू केले, एमएससीआयटीचे, टायपिंगचे. एवढं मला उडत उडत कळत राहिलं. मी कधी विचारपूस केली नाही.

लोक म्हणतात, चूक कोणाची का असेना, तेव्हा कंपायलर नवे होते, प्रोसेसर नवे होते, असं होणारच. मी हे मान्य करत नाही. कंपायलरने आपलं काम चोख केलं होतं. काय होणार ते त्याने आधी लिहून दिलं होतं. तिने ते वाचलं, समजून घेतलं, मला सांगितलं. न वाचणारा माणूस एकच होता.

स्मरणिकेने लेख नाकारल्यावर मी ठरवलं, छापण्याआधी तिला दाखवायचा. आता तिचीही पन्नाशी जवळ आली असेल. गेल्या बुधवारी बसने ओझरला गेलो. वर्ग अजून चालू आहे, वर पाटी, आत दहा-बारा संगणक. तिने मला लगेच ओळखलं.

“या सर,” म्हणाली. जुन्या सवयीने.

मी कागद पुढे केले. ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत राहिली. मी इतक्या वर्षांत जमवलेली सगळी वाक्यं मनात जुळवत होतो.

“इथे चुकलंय,” ती म्हणाली. “मी तुम्हाला एकदाच सांगितलं असं लिहिलंय. बांधणीच्या आदल्या दिवशी पुन्हा सांगितलं होतं. तुम्ही डबा उघडून जेवत होतात.”

मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं, म्हणजे झालं असणार. मी समासात लिहून घेतलं.

“मी माफी मागायला...”

“ते राहू द्या. छापून येऊ दे. माझे वडील गेले सर, त्यांना वाटायचं माझंच काहीतरी चुकलं असेल. त्यांच्या कारखान्यात कोणी ना कोणी ऐकवायचंच त्यांना.” तिने कागद नीट जुळवले. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पुण्याचं एक काम झालं असतं तर एवढं वाटलं नसतं. काही वर्षांनी आलं होतं ते. लहान यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिमची कंपनी होती. त्यांची लायब्ररी तीन-चार कंपायलरांवर चालवायची होती. मुलाखत इतकी छान झाली! मग काय झालं कोण जाणे, पुन्हा फोनच आला नाही.”

तेव्हा मला कळलं की तिला माहीत नाही.

मी उठून निघू शकलो असतो. लेख तिने पाहिला होता, छापायला होकार होता, माझं काम झालं होतं. वाचणाऱ्याला मी प्रामाणिक म्हातारा वाटलो असतो. पण मी बसून राहिलो आणि सांगितलं.

पुण्याच्या माणसाचा फोन मला आला होता. ‘तुमचं नाव तिने संदर्भ म्हणून दिलंय,’ तो म्हणाला. माझं नाव. सगळं होऊनही तिला वाटलं होतं की शेठ समोर नसतील, बागायतदार नसतील, नुसता कामाबद्दलचा प्रश्न असेल, तर हा माणूस खरं बोलेल. मी म्हटलं, “कामाची आहे.” मग म्हटलं, “पण आमच्याकडे एक प्रकार झाला होता.” कोणता, ते त्याने विचारलं आणि मी अहवालात लिहिलं होतं तेच सांगितलं. तो म्हणाला, “समजलं.” कोणी दबाव आणला नव्हता. खोलीत मी एकटा होतो. मी खरं सांगितलं असतं तर अहवालाखालची माझी सही खोटी ठरली असती, एवढीच भीती.

शेजारच्या खोलीत मुलं टायपिंग करत होती. तिने हातातले कागद पुन्हा चाळले. पहिल्यांदाच तिने मला सर म्हटलं नाही.

“हे लिहिलंय तुम्ही?”

“नाही.”

“का?”

“तुम्हाला माहीत नव्हतं.” मी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, त्या दिवशी आपोआप झालं.

“मग लिहा,” ती म्हणाली आणि कागद माझ्या हातात दिले. “आणि माझ्याकडे परत येऊ नका. लिहून पाठवा.”

म्हणून हा शेवटचा भाग. शेठना तो अजून माहीत नाही. वाचतील तेव्हा कळेल. मग म्हणतील, मास्तरांनी स्वतःचीच अब्रू घालवली. घालवली. पण स्मरणिकेत ज्या लायब्ररीचं पानभर कौतुक आहे, ती माझी नाही. माझी जुन्या प्रोसेसरसोबतच भंगारात गेली. आज त्यांच्या प्रत्येक पेटीत जी चालते, जी त्यानंतर आणखी दोन प्रोसेसरांवर विनातक्रार गेली, ती त्या मुलीने नव्याने उभी केलेली आहे; माझ्या उरलेल्या एका फाइलमधला तो एक शब्दही तिचाच. शेठनी हवं तर कोणत्याही जाणत्या माणसाला बसवून ती उघडून बघावी, वॉर्निंगचा स्विच काढून. आणि मग दोष-अहवालाचं ते पान मला पाठवावं. त्यावरचं कारण खोडून दुसरी सही करायला मी अजून आहे.